जबडा तीन वर्षं दुखतोय, आता ऑपरेशनच करायचं का?

प्रश्न: डाव्या कानाच्या पुढे जबडा दुखतो, जांभई दिली की कट्ट आवाज येतो, सकाळी उठल्यावर तर गाल दगडासारखा जड. कान तपासून झाला, अक्कलदाढ काढून झाली, फरक शून्य. आता एक डॉक्टर म्हणतात दात थोडे ग्राइंड करून चावा जुळवू, दुसरे म्हणतात ऑपरेशन. काय करू? खरंच थकलेय.

उत्तर: ताई, आधी एक कळकळीने सांगते, दात ग्राइंड करायला आत्ता हो म्हणू नका. एकदा घासलेला दात परत येत नाही, आणि चावा बदलल्याने हे दुखणं थांबतं असा भरवशाचा पुरावा नाही. ऑपरेशनचंही तेच, ती शेवटची पायरी.

आधी दुखतंय नेमकं काय ते बघायला हवं, सांधा की चावायचे स्नायू. सकाळचा जडपणा वाचून मला वाटतं तुम्ही झोपेत दात आवळत असाल, मग स्नायू रात्रभर राबतात आणि सकाळी ठणकतात. नुसत्या कट्ट आवाजाला घाबरू नका, सांध्यातली चकती जागेवरून सरकते त्याचा तो आवाज, दुखत नसेल तर त्यावर काही करावं लागत नाही. पण आवाज अचानक बंद झाला आणि तोंडच कमी उघडायला लागलं तर मात्र लगेच दाखवा, चकती अडकलेली असू शकते. घरी बघायचं तर तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा, साधारण ४० मिलिमीटर होतं ते.

आता हे वाचताना तुमचे वरखालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकले असतील तर सोडा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला, दिवसातून पन्नास वेळा आठवायचं, अगदी फोन हातात घेतला की लगेच. काही आठवडे मऊ खाणं, च्युइंगम बंद, गालाला गरम शेक, जांभई आली की हनुवटीखाली मूठ. सोबत जबड्याचं काम येणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका आणि रात्री घालायचा स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारं प्लास्टिकचं कव्हर, मापाने बनवून घ्या, काढता-घालता येणारा. दुखण्याच्या गोळ्या थोडे दिवसच, त्याही डॉक्टरांना विचारून. जुन्या दुखण्यात ॲमिट्रिप्टिलिन कमी डोसमध्ये देतात, ते डिप्रेशनचं औषध आहे असं वाचून दचकू नका, वेदनेसाठीही वापरतात.

एवढं करून काही महिन्यांत फरक नाहीच पडला तर एमआरआय, त्यात चकती दिसते, साध्या एक्स-रेत दिसत नाही. मग गरज वाटली तर सुईने सांधा धुणं, आणि त्याच्याही पुढे ऑपरेशन.

वय पन्नाशीच्या पुढचं असेल, चावताना जबडा भरून येत असेल आणि नवी डोकेदुखी किंवा अंधुक दिसणं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ते रक्तवाहिनीच्या सुजेचं असू शकतं. चालताना जबडा दुखून बसल्यावर थांबत असेल तर आधी हृदय तपासा.

ओरल मेडिसिन किंवा ओरोफेशियल पेनच्या, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या किंवा चेहरा-जबड्याच्या दुखण्याच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या, कधी दुखलं, काय खाल्लं होतं, झोप कशी झाली.