सत्तरीच्या आईबाबांना घेऊन भाड्याच्या आरव्हीतून (झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाडीतून) बॅडलँड्स नॅशनल पार्क (साउथ डकोटा) एका दिवसात बघून होईल का?

होईल, पण रात्रीचा मुक्काम पार्कातच करा. बरेच लोक माउंट रशमोरला (राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला डोंगर) जाता जाता भर दुपारी तासभर थांबतात. त्या उन्हात हे डोंगर नुसते पांढुरके दिसतात आणि माणसं हिरमुसून पुढे जातात. खरं बॅडलँड्स उजाडताना आणि दिवस मावळताना दिसतं.

आम्ही जूनमध्ये माझ्या आईला घेऊन गेलो होतो. सीडर पास कॅम्पग्राउंडची जागा आधीच आरक्षित केली होती. तिथे गाडीला वीज जोडता येते, पाणी नाही, म्हणून टाकी भरूनच या.

पहाटे गाडीतच चहा केला आणि डोअर ट्रेल गाठला. लवकर गेलं की मोठी गाडी लावायची चिंता नसते. सुरुवातीला लाकडी फळ्यांची वाट आहे, आई काठी न घेता चालली. शेजारच्या नॉच ट्रेलवर मात्र ओंडक्यांची उभी शिडी लागते, तिकडे आईबाबांना नेऊ नका.

रात्री पाऊस पडून गेला होता. ही माती वाळली की वरून लाह्यांसारखी फुलते आणि भिजली की बुटांना किलोकिलोने चिकटते. आईने बोटांत चिमूट चोळून पाहिली. "अगं, ही तर आपल्या परभणीच्या रानासारखी!" तिचं बरोबर होतं. रंग वेगळा, पण दोन्हीकडे पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती. इथली बरीचशी ज्वालामुखीच्या राखेतून झालेली. म्हणूनच हे डोंगर वर्षाला साधारण एक इंच झिजतात. समोर दिसणारे लाल पट्टे म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जमिनी, एकीवर एक गाडल्या गेलेल्या.

दुपारी बेन रायफेल व्हिजिटर सेंटरमध्ये बसा. उन्हाळ्यात तिथल्या प्रयोगशाळेत जीवाश्म साफ करताना समोर बघता येतं. 2010 साली 7 वर्षांच्या एका मुलीला या सेंटरजवळच लांब सुळे असलेल्या, मांजरासारख्या दिसणाऱ्या प्राचीन प्राण्याची कवटी सापडली होती. आईचा पाय तिथून निघेना.

चारनंतर पार्कातल्या मुख्य लूप रोडने पश्चिमेकडे निघा. यलो माउंड्सला हळदीच्या रंगाच्या टेकड्या आहेत, तिथे जरूर उतरा. पुढचा सेज क्रीक रिम रोड खडीचा आहे. बायसन (अमेरिकेतले रानगवे) तिकडे हमखास दिसतात, पण मोठी गाडी असेल तर त्या रस्त्यावर फार आत जाऊ नका. आमची कपाटातली भांडी खाली आली. पाच मैलांवर प्रेअरी डॉगची (बिळात राहणाऱ्या, खारीच्या जातीच्या प्राण्यांची) वसाहत आहे, तिथूनच आम्ही मागे फिरलो.

सूर्यास्ताला पिनॅकल्स ओव्हरलुकला खुर्च्या टाकून बसा. तारखा अजून ठरल्या नसतील तर अमावस्येच्या आसपासच्या धरा. परत आल्यावर गाडीचे दिवे मालवले आणि डोक्यावर आकाशगंगा होती.