सासू-सासऱ्यांना परत पाठवण्याआधी

ताई, तुम्ही, नवरा आणि चौदा, नऊ नि चार वर्षांची तीन मुलं ऑगस्टमध्ये पीआरवर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर, कॅनडात टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला आलात. ऑक्टोबरमध्ये नाशिकहून सासू-सासरे सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर आले. आता जानेवारीत सासरे रोज परतीच्या तिकिटाचं काढतात, मोठा मुलगा घरात कुणाशी धड बोलत नाही, आणि तुमचा दिवस स्वयंपाकघरातच संपतो. त्या दोघांना परत पाठवलं तर घर मोकळं होईल का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत सांगते. आत्ता पाठवू नका. पण "तुम्हाला हवं तेव्हा जाता येईल" हे मात्र आज संध्याकाळीच सासऱ्यांना सांगा. सुपर व्हिसावर एका वेळी सलग पाच वर्षं राहता येतं, म्हणजे पाच वर्षं राहिलंच पाहिजे असं नाही. हा व्हिसा बहुधा अनेक वेळा ये-जा करण्यासाठीच मिळतो. पुढच्या वर्षी दिवाळीला नाशिकला जाऊन एप्रिल-मेमध्ये परत येणं सहज जमतं, आणि माझ्या ओळखीची कितीतरी ज्येष्ठ मंडळी तेच करतात. परतीचा रस्ता बंद झालाय असं वाटलं की माणूस फक्त त्या रस्त्याचाच विचार करतो. तारीख ठरू दे, मग त्यांचं लक्ष आपोआप इथल्या दिवसाकडे वळेल.

आता मूळ मुद्दा. आमचंही घर सांगलीहून असंच भरलेलं आलं होतं, आणि नंतर इथल्या मराठी मंडळाच्या कामात नव्याने आलेली बरीच कुटुंबं मी जवळून पाहिली. मोठं कुटुंब इथे माणसांच्या संख्येमुळे अडचणीत येत नाही. सातपैकी दोघांनाच घराबाहेर स्वतःच्या पायांनी जाता येतं, तिथे ते अडतं. तुमच्या लिहिण्यावरून गाडी एक आणि लायसन्स फक्त यजमानांकडे. म्हणजे दूध, दवाखाना, देऊळ, लायब्ररी, सगळं त्यांच्या सुट्टीवर अवलंबून. आणि फोनवर इंग्रजीत बोलायचं झालं की मोठ्या मुलाला हाक. उरलेले पाच जण दिवसभर कुणाची तरी वाट बघत बसतात. नाशिकला सासरे सकाळी फिरून, पेपर घेऊन, चार जणांशी बोलून घरी येत असतील. इथे त्यांना बाहेर जायचं तर मुलाला विचारावं लागतं. त्यांना बोचतंय ते हेच, थंडी नुसती निमित्त आहे.

म्हणून येत्या दोन-तीन महिन्यांत एकच गोष्ट धरा. घरातल्या प्रत्येकाला, कुणाला न विचारता, एकट्याने जाता येईल अशी बाहेरची एक तरी जागा हवी.

सासऱ्यांपासून सुरुवात करा. ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या ६५ आणि त्याहून जास्त वयाच्या लोकांना ब्रॅम्प्टन ट्रान्झिटची बस मोफत आहे. त्यासाठी ज्येष्ठांचं प्रेस्टो, म्हणजे बसभाड्याचं कार्ड काढावं लागतं. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा मागतात, तेव्हा पासपोर्ट न्या आणि त्यांच्या नावाचं कोणतं पत्र पत्त्यासाठी चालेल ते टर्मिनलवरच्या खिडकीत विचारून घ्या. पहिले काही दिवस यजमानांनी किंवा तुम्ही बरोबर जा, मग एकट्याने जाऊ द्या. ब्रॅमली सिटी सेंटर हा मॉल बस टर्मिनलला लागूनच आहे आणि चिंग्वाकूझी लायब्ररी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. हिवाळ्यात मॉलमध्ये फेऱ्या मारणारी ज्येष्ठ मंडळी तुम्हाला तिथे भरपूर दिसतील. पंजाबी आणि गुजराती आजोबांच्या बाकांवर मोडक्या हिंदीतही छान जमतं. लायब्ररीत नुसतं बसायला कार्डही लागत नाही. बर्फावर घसरणं हा मात्र खरा धोका आहे, त्यात काटकसर नको. बुटाच्या तळाला लावायच्या खिळ्यांच्या पट्ट्या मिळतात, त्या दोघांसाठी आणा, आणि पाऊस पडून गोठलेल्या दिवशी कुणीच बाहेर पडायचं नाही असा घरचा नियम करा.

सासरे पेन्शनर असतील तर हयातीच्या दाखल्याची धाकधूकही असते, आणि ती ते बोलून दाखवत नाहीत. दर नोव्हेंबरमध्ये टोरांटोचा भारतीय वाणिज्य दूतावास या दाखल्यांसाठी शिबिरं भरवतो. हे त्यांना सांगा, एक ओझं कमी होईल.

त्यांच्या विम्याकडे तुम्ही स्वतः लक्ष द्या. सुपर व्हिसासाठी किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा विमा लागतो, तो तुम्ही काढलाच असेल. पण तो तातडीच्या उपचारांसाठी असतो. नेहमीच्या तपासण्या, शुगरच्या गोळ्या, दातांचं काम त्यात बसत नाही, आणि ओहिप, म्हणजे इथला सरकारी आरोग्यविमा, त्यांना मिळत नाही. पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांबद्दल 'स्थिर' असण्याची अट असते. विमा सुरू होण्याआधीच्या ठरावीक काळात औषध बदललं, डोस वाढला किंवा कमी झाला, तरी त्या आजाराचा दावा नाकारला जाऊ शकतो. विम्याचं नूतनीकरण करताना किंवा भारतात जाऊन परत येताना हे नीट बघा. नाशिकच्या डॉक्टरांना फोनवर विचारून सहज डोस बदलू नका, आधी पॉलिसीतलं ते पान वाचा. दावा झालेला नसेल तर लवकर परत गेल्यावर उरलेल्या काळाचे पैसे देणाऱ्या पॉलिसीही असतात. तुमची तशी आहे का ते बघून ठेवलंत, तर जाण्याच्या चर्चेत पैशांचा काटा राहत नाही.

आता मोठ्या मुलाबद्दल. मला खरी काळजी त्याची वाटते. घरातला सगळ्यात कामाचा माणूस तो झालाय, आणि त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही. इथे इयत्ता जन्मवर्षावरून ठरते, त्यामुळे तो नववीत, म्हणजे हायस्कूलच्या पहिल्याच वर्षात असणार. त्यात एक चांगली बाजू आहे. सप्टेंबरमध्ये त्या इमारतीत त्याच्या वर्गातलं प्रत्येक पोर नवीनच होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दुसरं सत्र लागेल. बहुतेक हायस्कूलांत तेव्हा विषय आणि वर्गमित्र बदलतात. त्याआधी शाळेतल्या गाइडन्स काउन्सेलरची वेळ घ्या आणि तुम्ही दोघंही जा. जाताना शाळेत सेटलमेंट वर्कर, म्हणजे 'स्विस' (SWIS) नावाच्या कार्यक्रमाचा माणूस आहे का, हे विचारा. नव्या कुटुंबांना मदत करणं हेच त्याचं काम असतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. हायस्कूलच्या डिप्लोमासाठी ३० क्रेडिट लागतात आणि शिवाय ४० तासांचं समाजकार्य. ते ४० तास चार वर्षांत कधीही करता येतात, पण त्याला आत्ताच सुरू करू द्या, लायब्ररीत, फूड बँकेत, त्याला आवडेल तिथे. तिथे तो कुणाचा दुभाषी नसेल, आणि तिथे झालेले मित्र त्याचे स्वतःचे असतील.

आणि दुभाषाचं काम त्याच्याकडून काढून घ्या. आजीच्या पोटदुखीचं वर्णन चौदा वर्षांच्या मुलाने डॉक्टरला करून सांगायचं, घरमालकाशी भाड्याचं त्याने बोलायचं, बँकेचं पत्र त्याने समजावून सांगायचं, हे बरोबर नाही. त्याला घरातली प्रत्येक चिंता आकड्यांसकट कळते आणि बोलायला जागा उरत नाही. मग तो गप्प होतो. तब्येतीबद्दल काही विचारायचं असेल तर ८११ वर चोवीस तास नर्सशी बोलता येतं, आणि तिथे दुभाषा मागता येतो. कुठली सरकारी किंवा सामाजिक सेवा कुठे मिळेल यासाठी २११. हे दोन नंबर फ्रिजवर लावा आणि फोन तुम्ही करा. सुरुवातीला अडखळाल, पण समोरचा माणूस थांबतो, इथे लोकांना त्याची सवय आहे.

मधल्या मुलाची मला फारशी चिंता वाटत नाही. तो चौथीत असेल, आणि फ्रेंच इथे चौथीपासूनच सुरू होतं, त्यामुळे निदान त्या एका तासाला सगळा वर्ग त्याच्याइतकाच कोरा असतो. लसीकरणाचं तेवढं बघा. आपल्याकडच्या सरकारी लसीकरणात एमआर (गोवर-रुबेला) देतात, त्यात गालगुंडाची लस नसते. कांजिण्यांचीही नसते. इथे ऑन्टारिओ प्रांतात शाळेसाठी गालगुंड धरून एमएमआर लागते, आणि २०१० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजिण्यांची लसही. पील पब्लिक हेल्थचं, म्हणजे इथल्या आरोग्य विभागाचं पत्र आलं तर बाजूला टाकू नका, नोंदी अपुऱ्या राहिल्या तर मुलाला काही दिवस शाळेतून घरी बसवतात. लशी मोफत आहेत.

धाकटीच्या डब्याबद्दल सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. बहुतेक प्राथमिक शाळा शेंगदाणे आणू नका म्हणतात, आणि आपल्या डब्यात दाण्याचं कूट कुठे नसतं? खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, चटणी. हा शाळेचा आगाऊपणा नाही. तीव्र ॲलर्जीने मुलं दगावतात, आणि ऑन्टारिओत २००६ पासून त्यासाठी कायदाच आहे. सूर्यफुलाच्या बिया भाजून कूट केलं तर चव बऱ्यापैकी जवळ जाते. तरी शाळेला एकदा विचारा, काही वर्गांत तिळाचीही ॲलर्जी असते.

याच बोलण्यात आणखी एक गोष्ट त्या दोघांना शांतपणे समजावून सांगा. मुलांवर हात उचलायचा नाही, गमतीतही "थांब, फटका देते" म्हणायचं नाही. मूल शाळेत सहज काहीतरी बोलून जातं, आणि शंका आली तर शिक्षकांना ते कळवावंच लागतं, तो त्यांच्यावर कायद्याने टाकलेला भार आहे. आजोबांना हे अपमानास्पद वाटू शकतं. म्हणून हे तुम्ही नका सांगू, त्यांच्या मुलाने सांगावं.

आता तुमचं. स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं तर ते स्वयंपाकघर कुणाच्या तरी ताब्यात पूर्ण द्यावं लागेल. सासूबाई हातीपायी धड आहेत असं तुम्ही लिहिलंय. मग सकाळचा स्वयंपाक त्यांचा आणि संध्याकाळचा तुमचा, अशी सरळ वाटणी करा, आणि त्यांच्या वेळेला ओट्यापाशी उभ्याही राहू नका. मीठ जास्त पडलं तरी खा. त्यांना "मदत" करायला सांगितलं की त्या पाहुण्या राहतात. इंडक्शन किंवा कॉइलची शेगडी, फोडणीला वाजणारा अलार्म, डिशवॉशर, हे सगळं त्यांना एकदा निवांत शिकवा. फोडणीच्या वेळी पंखा लावायचा, खोल्यांची दारं बंद ठेवायची आणि मुलांचे कोट कपाटात आत ठेवायचे, एवढं सांभाळलं तर शाळेत कपड्यांच्या वासावरून कुणी बोलणार नाही. मोठ्या मुलाच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नाही.

त्या मोकळ्या झालेल्या सकाळी तुम्ही काय करायचं? धाकटी दिवसभर ज्युनियर किंडरगार्टनमध्ये असते, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. जी-१ ची, म्हणजे शिकाऊ लायसन्सची लेखी परीक्षा द्या. नाशिकला गाडी चालवत असाल तर आरटीओकडून अनुभवाचं पत्र मागवा, पुढची वाट छोटी होते. पीआर असल्यामुळे तुम्हाला लिंक (LINC) या सरकारी कार्यक्रमाचे इंग्रजीचे वर्गही मोफत आहेत. सासू-सासऱ्यांना ते मिळत नाहीत, पण लायब्ररीतल्या गप्पांच्या गटात सासूबाई तुमच्याबरोबर बसू शकतात का, ते विचारून बघा.

पैशांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, म्हणून विचारते. चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा अर्ज केलात का? पीआर कुटुंबाला तो आल्यापासून मिळतो, आपोआप सुरू होत नाही. आरसी६६ आणि नव्याने आलेल्यांसाठीचा आरसी६६एससीएच असे दोन फॉर्म आहेत, आणि येण्याआधीचं भारतातलं उत्पन्न त्यात लिहावं लागतं. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी सहा वर्षांखालच्या मुलाला कमाल ७,९९७ डॉलर आणि सहा ते सतरा वयाच्या प्रत्येकाला ६,७४८. तुमच्या तिघांचे मिळून वर्षाला कमाल २१,४९३, म्हणजे महिन्याला साधारण १,७९० डॉलर. उत्पन्न जास्त असेल तर आकडा कमी होतो, पण नवीन कुटुंबांना पहिल्या वर्षी बहुधा बरीच रक्कम मिळते. आईवडील एकत्र राहत असतील तर कॅनडाचं महसूल खातं आईलाच मुलांची मुख्य जबाबदार व्यक्ती धरतं, म्हणून अर्ज तुमच्या नावाने करा आणि पैसे तुमच्या खात्यात येऊ द्या. एप्रिलअखेर दोघांनीही टॅक्स रिटर्न भरा, उत्पन्न शून्य असलं तरी. नाहीतर जुलैत हे पैसे थांबतात.

घर बदलायचा विचार असेल तर मोठ्या घरापेक्षा बसच्या रस्त्यावरचं घर घ्या. क्वीन स्ट्रीटवर झूम या जलद सेवेच्या बस भरपूर आहेत, तिथून पाच मिनिटांवर खोली लहान मिळाली तरी चालेल. मुलं आहेत म्हणून घर नाकारणं ऑन्टारिओत बेकायदा आहे, आणि एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घरमालकाला मागता येत नाही. नवीन लोकांकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागणारे भेटतात, त्यांना नाही म्हणा. तळघर घेणार असाल तर ते शहराकडे नोंदवलेलं आहे का हे आधी बघा. सात जण झोपणार आहात, आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट हवी.

सध्याचं घर नेमकं कोणत्या चौकाजवळ आहे ते लिहा, आणि सासऱ्यांचं वय ६५ किंवा त्याहून जास्त आहे का तेही. बसचा मार्ग आणि जवळचं ज्येष्ठांचं केंद्र मी बघून सांगते. मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाईंना घेऊन या, गाडीची सोय आम्ही करू.