"मनमिळाऊ" हा शब्द आधी खोड

अगं पोरी,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा ऐकता ऐकता डाळ खाली लागली, म्हणजे बघ. तू पाठवलेली अकरा पानंही वाचली. यात्रेच्या स्मरणिकेत गावातल्या म्हाताऱ्या माणसांवर लिहायचं काम कमिटीनं तुझ्या गळ्यात मारलं, कारण तू शिकलेली आणि नेमकी सुट्टीला आलेली, इथवर समजलं. पुढं तू म्हणतेस की लिहून झाल्यावर सगळी माणसं एकसारखीच दिसायला लागली, याचं नाव काढून त्याला लावलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही, मग करायचं कशाला हे. आणि म्हातारी माणसं बोलतच नाहीत, "माझं काय लिवतीस बाई, मी काय केलंय" म्हणून विषय मिटवतात. आणि वर एका घरच्यांचा फोन आला की अमुक गोष्ट छापायची नाही.

तिसऱ्याचं नंतर बघू. पहिली दोन दुखणी एकाच जागची आहेत.

अकरा पानांत "मनमिळाऊ" नऊ वेळा आलंय, मी पेन्सिलीनं मोजलं. "कष्टाळू" चौदा वेळा. अगं, माणदेशात राहून कष्टाळू नसलेला म्हातारा दाखव मला, त्याच्यावर आपण वेगळी स्मरणिका काढू! हे शब्द तुझे नाहीतच. हे चौकातल्या भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरचे आहेत, माणूस मेला की फोटोखाली आपोआप येऊन बसतात. तू तर जिवंत माणसांना ते लावलेस. माणूस कसा होता ते लिहूच नको. त्यानं काय केलं ते लिही. हाताचं काम लिही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि या पत्रात ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी वाच.

तुझ्या चुलत आजोबांचंच घे. तू लिहिलंस, "स्वभावाने थोडे तापट पण मनाने निर्मळ." आजोबा मुंबईला कापडगिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर कापड विणतात त्या खात्यात होते हे तुला माहीत आहे का? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि महिने जातील तशी आपल्या भागातली माणसं ट्रंका घेऊन गावाकडं यायला लागली. नर्स म्हणून माझं इथलं पोस्टिंग त्याच वर्षीचं, त्यामुळं आठवतं. स्टँडवर उतरायची आणि कुठं बघायचं कळत नसल्यासारखी उभी राहायची. साचाखात्यात एवढा आवाज असायचा की शेजारचा माणूस काय म्हणतो ते ओठांवरून ओळखायचं, नाहीतर हातानं खुणा करायच्या. तिथं वर्षानुवर्षं काढलेला माणूस घरी येऊन "पाणी दे" म्हणाला तरी बायकोला वाटणार हा खेकसतोय. कान गेले होते गं त्यांचे. मी तपासलेत. आणि अख्ख्या वस्तीनं चाळीस वर्षं त्यांना भांडखोर ठरवलं, आता तू ते छापून कायमचं करायला निघालीस, वर "मनाने निर्मळ" ची साखर पेरून.

त्यांना जाऊन विचार की तुम्ही किती साचे चालवायचा. धोट्यातली सुताची कांडी संपत आली हे तुम्हाला कसं कळायचं, बघून का कानानं? मग बघ हात कसे हलायला लागतात. "तुमचं आयुष्य कसं गेलं" असं विचारलंस तर कुणीही "बरं गेलं" म्हणणार, हा काय प्रश्न आहे का.

१९७२ चंही तसंच. तू तीन बायकांना विचारलंस दुष्काळ कसा होता, तिघींनी सांगितलं "लई हाल झालं" आणि तू तिन्ही ठिकाणी "दुष्काळाच्या झळा सोसल्या" लिहून मोकळी झालीस. ७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती, त्यातल्या या तिघी. झळा कुठल्या डोंबलाच्या! खडी फोडली का पाझर तलावावर माती वाहिली, ते विचार. हातोडी बसू नये म्हणून बोटाला काय गुंडाळायचा. अंगावरचं पोर कुठं ठेवायचा, झोळी कशाला बांधायचा. मस्टरवर नाव कुणाचं लागायचं, नवऱ्याचं का तुमचं. कामावर वाटलेली सुकडी तिथंच खायचा का पदरात बांधून घरी न्यायचा. मिलोची, म्हणजे रेशनवरच्या तांबड्या ज्वारीची भाकरी थापताना तुटायची, मग काय करायचा. यातल्या एकीनं मला सांगितलं होतं की ती सुकडी अर्धीच खायची आणि उरलेली घरातल्या मोठ्या पोरीसाठी न्यायची, वाटेत भूक लागली की पदराची गाठ नुसती दाबून बघायची. हे तुझ्या पानावर नाही. तिथं आहे "सोशिक".

म्हातारी माणसं एक सांगतात बघ, ७२ ला धान्य नव्हतं पण विहिरीला पाणी होतं, आताच्या दुष्काळात दुकानात धान्य आहे आणि पाणी टँकरचं. हे तू त्यांच्याच तोंडून ऐक आणि त्यांच्याच शब्दांत घाल, भूजल पातळी वगैरे करू नको त्याचं.

वयाचा घोळ तू बरोबर पकडलास, निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून कशी. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेली आहे ती, आणि बायका तर शाळेतच गेल्या नाहीत, त्यांची तारीख आधार काढणाऱ्या पोराच्या मनात आली ती. तारखेच्या नादाला लागू नको. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (११ डिसेंबर १९६७, पहाटेचा) लग्न झालं होतं का? ७२ ला कडेवर कोण होतं? या दोन प्रश्नांत बाईचं वय दोन-तीन वर्षांच्या फरकानं हाताला लागतं. मी तीस वर्षं असंच काढलंय. आणि प्रत्येक बाईचं माहेरचं नाव लिही गं बाई. सातबारावर त्या नाहीत, भाऊबंदकीच्या गप्पांत नाहीत, निदान तुझ्या अकरा पानांत तरी असू देत. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी लाखाच्या वर ओव्या जमवल्या, पण नुसत्या ओव्या नाही, कुठल्या बाईनं म्हटली, कुठल्या गावची, हेही नोंदवून ठेवलं. "एक ग्रामीण स्त्री" असं लिहिलं असतं तर त्यांना कमी त्रास पडला असता, नाही का?

आता तुला वाटेल ही म्हातारी एवढी का पेटलीय. सांगते.

आपल्या गावात दाई होती एक. तू जन्मायच्या आधी गेली. मी आले तेव्हा मी बावीस वर्षांची, पांढरी साडी, ट्रेनिंग नवं कोरं, पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र या हिशोबात चार वाड्या माझ्या माथी. सरकारनं दायांना ट्रेनिंग देऊन पेट्या वाटल्या होत्या, ब्लेड, दोरा, साबण घालायची पेटी. हिच्या पेटीत मिश्रीची डबी आणि रेशन कार्ड. मी ते पाहिलं आणि तिला त्या दिवशीच निकालात काढलं.

पावसाळ्यात एका रात्री मळ्यातल्या घरी डिलिव्हरीला गेले, ती आधीच तिथं बसलेली. बाळंतिणीचं पोट चाचपत होती, तोंड भिंतीकडं, डोळे मिटलेले. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आजी, तुम्ही बाजूला व्हा, आता हे आमचं काम." ती काही बोलली नाही. उठून उंबऱ्यावर जाऊन बसली. मी फीटोस्कोप लावला, ठोके सापडेनात. इकडं लाव, तिकडं लाव, घाम फुटला मला, घरातल्या बायका माझ्याकडं बघतायत. उंबऱ्यावरून, पाठमोरीच, ती म्हणाली, "डाव्या अंगाला, बेंबीच्या वर बघ." तिथंच होते. बाळ पायाळू होतं आणि ते तिला हातानं कळलेलं, मला यंत्रानं कळत नव्हतं. बैलगाडी जुंपायला लावून पहाटे तालुक्याला नेलं, दोघं वाचली.

मी तिला त्या रात्री काही म्हणाले नाही. नंतरही नाही. पुढं आम्ही बरीच वर्षं बरोबर कामं केली, मी पण हळूहळू तोंड भिंतीकडं करून, डोळे मिटून पोट चाचपायला लागले, खरंच तसं जास्त कळतं, डोळे मध्ये लुडबुड करतात. पण हे तिच्याकडून घेतलं असं मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. किती बाळंतपणं केली, पहिलं कुणाचं, कुणाकडून शिकली, एखादी हातातून गेली तर घरी येऊन काय करायची, एक प्रश्न विचारला नाही. रोज भेटायची, रोज वाटायचं विचारू उद्या. ती गेली तेव्हा मी माझ्या रजिस्टरात लिहिलं, वय अंदाजे ८०, कारण वार्धक्य. माझ्याच अक्षरात आहे ते. सभेत कुणीतरी म्हणालं प्रेमळ होती, धार्मिक होती. अगं ती प्रेमळ नव्हती! कळा देणाऱ्या बाईला शिव्या घालायची ती, अशा शिव्या की बाई हसायची आणि हसता हसता जोर करायची.

आणि तू लगेच मला दोष देऊ नको. रजिस्टरचा रकाना दोन बोटं रुंद, त्यात "वार्धक्य" सुद्धा मुडपून लिहावं लागायचं. मार्च आला की नसबंदीच्या केसेसचं टार्गेट, लसीकरण, कॅम्प, मीटिंगमध्ये साहेबांची बोलणी, सायकल पंक्चर, घरी माझी स्वतःची दोन पोरं. मी काय वही घेऊन बसणार होते का म्हाताऱ्यांपुढं? नव्हता वेळ. हे मी गेली वीस वर्षं स्वतःला सांगते आहे आणि ते खोटंही नाही. पण त्याच काळात मी दोन स्वेटर विणले, एवढं मात्र खरं.

म्हणून तू "करायचं कशाला" असं विचारलंस ना, तिथं मला राग आला. तुला सुट्टी आहे, फोनमध्ये रेकॉर्डिंग आहे, माणसं अजून बसलेली आहेत ओट्यावर. तुला रकाना नाही.

बोलत नाहीत म्हणतेस. जातेस कधी? फोटोवरून वाटतंय दुपारी दोनला. ती वेळ डोळा लागायची असते. सकाळी ऊन ओट्यावर आलं की जा आणि हातात काहीतरी घे, त्या शेंगा फोडत असतील तर तू पण फोड, निवडत असतील तर निवड. समोर खुर्ची टाकून बसलीस की माणूस साहेबाला देतात तशी उत्तरं देतं. रेकॉर्डिंग करतेय हे सांग, पण फोन तोंडापुढं धरू नको, बाजूला ठेव आणि विसर. आणि सुनेला आधी सांग की मध्ये बोलायचं नाही, कारण म्हातारी तोंड उघडायच्या आत सून तिचं उत्तर देऊन मोकळी होते, तुझ्या चौथ्या पानावर सगळं सूनच बोललीय, मला कळलं ते. गप्प बसायला पण शिक जरा. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये एक बाई "तवा काय व्हतं..." म्हणून थांबली आणि तू लगेच पुढचा प्रश्न टाकलास. ती थांबली नव्हती गं, आठवत होती.

आता ते "छापायचं नाही" प्रकरण. माझ्या पोटात या चार वाड्यांच्या एवढ्या गोष्टी आहेत की मी तोंड उघडलं तर तीन सोयरिकी मोडतील. त्या माझ्याबरोबरच जाणार. तेव्हा मी तुला सगळं छाप म्हणणार नाही. पण नाही कोण म्हणतंय ते बघ. जिची गोष्ट आहे ती नको म्हणाली तर विषय संपला, एक अक्षर नको, हळहळायचं पण नाही. तिची काहीच हरकत नाही आणि मुलगाच म्हणतोय की आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती हे लिहू नका, आता आमचं बरं चाललंय, तर त्याच्याशी भांड. माझं नाव सांग, त्या मुलाची नाळ मी कापलीय, मला उलट बोलणार नाही तो. तिनं त्याला ज्या हातांनी वाढवला ते हात छापायची त्याला लाज वाटते आणि "कष्टाळू माउली" चालतं, यातला फरक त्याला नाही समजला तरी तुला समजला पाहिजे.

बाकी शुद्धलेखन वगैरे कमिटीतले बघतील, त्यांना तेवढंच येतं. पण "व्हतं" चं "होते" करायला लागले तर माझ्याकडं पाठव.

उद्या चुलत आजोबांकडं जाशील तर त्यांच्या डाव्या बाजूला बस, उजव्या कानानं जवळजवळ काहीच येत नाही. ओरडू नको, ओठ दिसतील असं सावकाश बोल, त्यांना ते वाचता येतात. चहा नको म्हणू नको, साखर जास्त असते, पी.

आणि माझ्याकडं यायचं असेल तर मंगळवार सोडून ये. माझा स्वभाव कसा ते शेजारी विचारत बसू नको, मला सायकल कुणी शिकवली ते विचार. चार्जर आण, आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही आणि मी सुरू झाले की लवकर संपत नाही.

तुझी,
नर्समावशी