टॅपेट कव्हरच्या ब्रीदरमधून ऑइल येतंय: कॅन (ऑइल पकडायचा डबा) लावण्याआधी काय तपासायचं

भावा, तुझा प्रश्न मला समजला तो असा. मारुती एस्टीमचं 1.3 लिटर 16 व्हॉल्व्ह इंजिन ऑटोक्रॉस शर्यतींसाठी नवीन पिस्टन-रिंग टाकून बांधलंय. पीसीव्हीची लाइन (इंजिनच्या पोटातला गॅस परत इनटेकमध्ये नेणारी नळी) बंद केलीय आणि टॅपेट कव्हरच्या म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या निपलवर बाजारात मिळतो तो छोटा ब्रीदर फिल्टर खोचलाय. तीन-चार राउंड झाले की फिल्टर ऑइलने भिजतो, थेंब एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडतात आणि बॉनेटखालून धूर येतो. एकाने सांगितलं फिल्टर मोठा लाव, दुसऱ्याने सांगितलं निपलच बंद कर.

निपल अजिबात बंद करू नकोस. रिंग कितीही चांगली बसलेली असली तरी थोडा गॅस तिच्या फटीतून खाली चेंबरमध्ये (क्रँक आणि ऑइल असतं त्या भागात) उतरतोच, आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते. ही वाट अडवली की दाब क्रँकच्या सीलवर येतो, डिपस्टिक वर उचलली जाते, कव्हरचं पॅकिंग पाझरायला लागतं. मागचं सील गेलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, शिवाय ऑइल क्लचवर जाईल. मोठ्या फिल्टरने फरक पडेल तो एवढाच, की थेंब चौथ्या राउंडऐवजी आठव्या राउंडला पडेल. आणि हे थेंब हलक्यात घेऊ नकोस. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट साधारण 200 ते 230 अंश असतो, आणि पूर्ण थ्रॉटलवर पळवलेलं मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी वर तापलेलं असतं. हे सुटेपर्यंत गाडी ट्रॅकवर काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एक खात्री कर, की ऑइल खरंच ब्रीदरमधूनच येतंय. कव्हर आणि हेडचा जोड डिग्रीझरने धुवून कोरडा कर, जोडावर टाल्कम पावडर फुंकर, इंजिन गरम होईपर्यंत चालव आणि बघ. पावडरवर ओली रेघ उमटली तर दोष पॅकिंगचा आहे. रबरी पॅकिंग कडक झालं असेल तर नवीन टाक. बोल्ट आवळून ते बरं होत नाही, उलट कव्हर वाकतं. एम6 बोल्टला 8 ते 10 न्यूटन-मीटर पुरे.

त्यानंतर ऑइलची पातळी. ट्रॅकवर वळणात ऑइल पंप हवा खेचू नये म्हणून बरेच जण अर्धा लिटर जास्त घालतात. मग क्रँकचे वेब म्हणजे फिरणारे जाड भाग ऑइलला लागतात, फेस होतो आणि तो फेस गॅसबरोबर वर येतो. गाडी सपाट जागी लावून, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघ. वरच्या खुणेच्या पुढे असेल तर आधी तेवढं काढून टाक आणि पुन्हा चालवून बघ. अनेक गाड्यांचा आजार इथेच संपतो. वळणात पंप उघडा पडत असेल तर त्याला इलाज चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या म्हणजे बॅफल लावणं हा आहे.

पातळी बरोबर असेल तर गॅस किती येतोय ते मोज. ऑइल भरायचं एक जुनं टोपण घे, त्याला भोक पाडून निपल बसव, आणि त्यावर पारदर्शक नळी लावून तिचा एक मीटर उंचीचा यू आकार फळीवर बांध. नळीत अर्ध्यापर्यंत पाणी भर. ब्रीदर आहे तसाच ठेवून डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटलला दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक वाच. 70 सेंटीमीटर पाणी म्हणजे साधारण 1 पीएसआय. मी 5 सेंटीमीटरपर्यंत निर्धास्त राहतो. 15 च्या वर गेलं तर एकतर वाट अरुंद आहे किंवा रिंगा गॅस सोडतायत. दोन्हीतलं कोणतं हे ओळखायला ब्रीदरचा फिल्टर काढून पुन्हा वाच. आकडा धाडकन खाली आला तर फिल्टर चोंदलेला होता. तरीही तसाच राहिला तर लीक-डाउन टेस्ट कर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा सोडून किती गळते ते मोज.

लीक-डाउनसाठी इंजिन गरम पाहिजे, आणि ज्या सिलिंडरची टेस्ट आहे तो कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर) पाहिजे. 100 पीएसआय हवा सोड. गळती 10 टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उत्तम, 20 पर्यंत चालवून घेता येतं, त्यापुढे उघडायला हवं. टक्क्यांपेक्षा कानाला जास्त कळतं. ऑइलच्या टोपणातून सूं आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आला तर इनलेट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. घाटातही एक खूण मिळते. आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरून साखरप्याजवळ पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर आला, तर व्हॉल्व्हची ऑइल सीलं संपलीत. परत चढताना सगळ्या रस्त्याने निळा धूर येत राहिला, तर संशय रिंगांवर घे.

तुझं इंजिन नवीन बांधलेलं आहे, म्हणून दोन गोष्टी विचारून घे. रिंगा बसायला थोडं अंतर जावं लागतं, पहिल्या पाचशे-हजार किलोमीटरमध्ये ब्लो-बाय (रिंगांतून निसटणारा गॅस) जास्त दिसणारच. दुसरं, रिंगेचा गॅप किती ठेवला होता? साध्या पेट्रोल इंजिनाला दर इंच बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) 4 थाऊ म्हणजे इंचाचे 4 हजारांश धरतात. तुझा बोअर 74 मिलिमीटर, म्हणजे वरच्या रिंगेला साधारण 12 थाऊ, 0.30 मिलिमीटर. टर्बोला दर इंचाला 6 थाऊ धरून 0.44 च्या आसपास जातं. कुणी टर्बोचा हिशेब लावून तुझ्या साध्या इंजिनाच्या रिंगा घासल्या असतील तर ब्लो-बाय कायमचाच जास्त राहील. फोर्ज्ड पिस्टन असतील तर थंड इंजिनात क्लिअरन्स मोठा असतो, म्हणून यू नळीचं किंवा लीक-डाउनचं माप गरम झाल्याशिवाय घेऊ नकोस.

आता समज, इंजिन निरोगी निघालं आणि तरी ऑइल येतंय. माझा अंदाज तुझं असंच आहे. कारण पीसीव्ही बंद करून सगळा गॅस एका बारीक निपलमधून काढला जातोय. पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच, त्यामुळे पीसीव्ही तेव्हा तसाही फारसा खेचत नाही, आणि सगळा भार या निपलवर येतो. समज मिनिटाला 40 लिटर गॅस निघतोय. 9 मिलिमीटरच्या भोकातून तो सेकंदाला साधारण साडेदहा मीटर वेगाने जातो. 19 मिलिमीटरच्या वाटेने तोच गॅस सेकंदाला अडीच मीटरच्या आत येतो. वेग असला की तो थेंब उचलून नेतो. वेग उतरला की थेंब आपल्या वजनाने खाली पडतो. सगळा इलाज या एका गोष्टीवर उभा आहे.

तर पहिलं काम कव्हरवर. कव्हर काढून उलटं कर आणि आतली बॅफल पट्टी जागेवर आहे का बघ. पावडर कोटिंगला देताना ती काढून टाकली जाते आणि परत बसत नाही, हे फार वेळा दिसतं. नसेल तर दीड मिलिमीटर ॲल्युमिनियम पत्र्याची नवीन कर. निपलच्या खाली गॅसला किमान दोनदा वळायला लागेल असा चक्रव्यूह, आणि ऑइल परत टपकायला सर्वांत खालच्या कोपऱ्यात 6 मिलिमीटरची दोन भोकं. पट्टी आणि रॉकर यांच्यात जागा राहते का ते प्लास्टिसिनची गोळी ठेवून तपास. कव्हरमध्ये घासणीची तार कोंबू नकोस. तिचे तुकडे सुटून थेट कॅमवर पडतात.

निपल मोठा करायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर 19 मिलिमीटर आतल्या मापाचा ॲल्युमिनियमचा बंग (वेल्ड करायचं नळीचं तोंड) करून घे आणि आर्गन वेल्डिंगने लाव. जुनं ओतीव कव्हर ऑइल प्यायलेलं असतं, वेल्डिंग करताना छिद्रं पडतात. म्हणून आधी डिझेलने, मग साबणाच्या गरम पाण्याने धुवून मंद आचेवर तापवून घ्यायला सांग. कॉस्टिकमध्ये बुडवू देऊ नकोस, ते ॲल्युमिनियम खातं. वेल्डिंगच्या वेळी कव्हर जाड प्लेटवर बोल्टने आवळलेलं पाहिजे, नाहीतर बसायचा पृष्ठभाग वाकडा होतो. जागा निवडताना रॉकर ज्या बाजूला ऑइल उडवतो ती टाळ. एस्टीमचं इंजिन आडवं बसतं, म्हणून लांब वळणात ऑइल कव्हरच्या एका टोकाला जाऊन साचतं. दोन्ही टोकांना एकेक बंग लावून दोन्ही पाइप कॅनमध्ये नेले तर एक बुडाला तरी दुसरा श्वास घेतो. माझी पसंती यालाच.

कव्हर उघडलंच आहे तर हेडमधून खाली ऑइल उतरायची भोकंही तपास. जास्त लावलेल्या सिलिकॉनच्या शेवया आणि जुन्या पॅकिंगचे तुकडे तिथे अडकतात. ऑइल खाली उतरलं नाही तर ते कव्हरमध्येच साचतं, आणि मग कोणताही कॅन पुरत नाही. हेडकडे जाणारं ऑइल कमी करायला रिस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारा तुकडा) टाक असं कुणी सुचवलं तर नको म्हण. चुकलं तर आधी कॅम जातो.

पाइप नायट्राइल रबरचा, ऑइलला चालणारा घे. रेडिएटरचा होज ईपीडीएमचा असतो, ऑइलने फुगून मऊ पडतो. पारदर्शक पीव्हीसी उष्णतेने चपटा होतो. साधा सिलिकॉन दिसायला छान, पण त्यातून ऑइल पाझरतं. कव्हरपासून कॅनपर्यंत पाइप सतत चढता ठेव. मध्ये झोळ पडला की तिथे ऑइल साचून बूच बसतं आणि पुढच्या धक्क्याला ते सगळं एकदम कॅनमध्ये फेकलं जातं.

कॅनच्या बाबतीत एफआयएच्या (मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) अपेंडिक्स जे या नियमावलीतलं माप पाळ: ब्रीदर उघडा असेल तर 2000 सीसीपर्यंतच्या गाडीला किमान 2 लिटर, त्याहून मोठ्या इंजिनाला 3 लिटर, आणि आतली पातळी बाहेरून दिसली पाहिजे. स्क्रूटिनीला म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीला हे बघतात. कोल्ड्रिंकची बाटली तारेने बांधायची पद्धत सोडून दे, ती वितळते. आत येणारी तोंडं बाजूने, भिंतीला घासून गोल फिरतील अशी; बाहेरचं तोंड वर, मधोमध. मध्ये भोकांची प्लेट आणि तिच्यावर स्टेनलेस जाळी. लोखंडी तार गंजून भुगा होतो. वरच्या फिल्टरचं तोंड आत येणाऱ्या दोन्ही पाइपांच्या एकत्रित क्षेत्रफळाइतकं तरी हवं. दोन 19 च्या पाइपांना म्हणजे किमान 27 मिलिमीटर. खाली ड्रेन कॉक. बसवायची जागा फायरवॉलवर, मॅनिफोल्डपासून लांब. कॅनमधलं ऑइल परत चेंबरमध्ये सोडू नकोस, त्यात पाणी आणि पेट्रोल असतं.

हीच गाडी रस्त्यावरही चालवणार असशील तर उघडा ब्रीदर ठेवू नकोस. उत्सर्जनाच्या नियमांनुसार क्रँककेसचा गॅस बंद मार्गानेच परत इनटेकमध्ये जायला हवा. तिथे पीसीव्ही परत जोड, सीलबंद कॅन घे, आणि त्याचं दुसरं तोंड एअर फिल्टरनंतर, थ्रॉटलच्या आधी लाव. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत हे तोंड सेन्सरच्या नंतर यायला हवं. पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांत टोपणाखाली साईसारखा पांढरट थर दिसला तर घाबरू नकोस. तो गार इंजिनात जमलेल्या वाफेचा असतो, आणि पीसीव्ही चालू असेल तर लांब फेरीत निघून जातो. कूलंटची पातळीही उतरत असेल तर मात्र गॅस्केट तपास.

सगळं बसवल्यावर पंधरा मिनिटांचं एक सेशन मार, कॅन मापट्यात रिकामा कर आणि आकडा वहीत लिही. 20-30 मिलिलिटर पातळ, मळकट द्रव आला तर ठीक आहे. 200 च्या वर स्वच्छ ऑइल आलं तर ते कव्हरमधून सरळ वाहत येतंय. बॅफल आणि उतरायची भोकं पुन्हा बघ. यू नळीचा आकडा आणि न भिजलेल्या फिल्टरचा फोटो इथे टाक, पुढचं त्यावरून सांगतो.