गजबजलेला रस्ता भिंतीवर

प्रश्न : आजोबांनी काढलेला गर्दीच्या रस्त्याचा ४ बाय ६ इंची कृष्णधवल फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावायचाय. त्यातला सायकलवाला पुसट आलाय. तो ठीक करून घेऊ का?

उत्तर : मुळीच नको! ती धूसरता म्हणजेच त्याचा वेग. १८३८ मध्ये फोटोग्राफीचा एक आद्य जनक, फ्रान्सच्या लुई दागेरने पॅरिसचा वाहता रस्ता टिपला, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश घेत राहण्याचा वेळ, काही मिनिटांचं होतं. सगळी वर्दळ गायब. बूट पॉलिश करून घेणारा गृहस्थ तेवढा उमटला, कारण तो एका जागी उभा होता. तुमचा सायकलवाला निदान दिसतोय तरी.

६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. १६ बाय २४ इंची प्रिंट १५० डीपीआयने निघेल. सोफ्यावरून बघायला पुरे. मूळ प्रत उन्हात टांगू नका, फिकी पडेल. कागद मॅट घ्या, ग्लॉसीत समोरची खिडकीच दिसत राहते.