सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड या कॅड (संगणकावर डिझाइन करायच्या) प्रोग्रॅमसाठी गेमिंग लॅपटॉप चालेल का? घेतल्यावर कोणती सेटिंग्ज करावीत?

समजा तुमचं काम मशीन डिझाइनचं आहे आणि असेंब्ली (पार्ट जोडून केलेली मॉडेल) चारशे-पाचशे पार्टच्या आहेत. एवढ्या कामाला नीट पारखून घेतलेला गेमिंग लॅपटॉप चालतो. मात्र ग्राफिक्स कार्डावर पैसे ओतण्याआधी प्रोसेसर बघा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

पार्टमधलं एक माप बदललं की सॉलिडवर्क्स त्याखालचं फीचर ट्री (पार्ट घडवताना केलेल्या पायऱ्यांची यादी) क्रमाने पुन्हा मोजतं. स्केचवरून एक्सट्रूड (सपाट आकृतीला जाडी देणं), एक्सट्रूडच्या कडेवर फिलेट (कड गोल करणं). आधीचं झाल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही. म्हणून हे काम बहुतांशी एकाच कोअरवर येतं. असा मोठा रिबिल्ड (ही पुन्हा मोजणी) चालू असताना टास्क मॅनेजर उघडून बघा. १६ थ्रेडच्या प्रोसेसरवर वापर जेमतेम ६-७ टक्के दिसतो आणि तरीही कर्सर गोल गोल फिरत असतो. एक थ्रेड पुरता जुंपलेला, बाकीचे रिकामे. तेव्हा कोअर किती हे मोजत बसण्यापेक्षा सिंगल-कोअर स्कोअर (एका कोअरच्या वेगाच्या चाचणीचे गुण) ताडून पाहा. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी एच किंवा एचएक्स असलेला प्रोसेसर घ्या, यू नको. रेंडरिंग आणि सिम्युलेशन रोजचं असेल तरच जास्त कोअरचा खरा फायदा होतो.

रॅम ३२ जीबी, तीही १६-१६ च्या दोन पट्ट्यांत. एकच पट्टी असली की मेमरीचा वेग निम्म्यावर येतो. काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. हे घेण्याआधीच विचारा. एनव्हीएमई एसएसडी १ टीबी. मॅक आणि एआरएम प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप टाळा, सॉलिडवर्क्स त्यांच्यासाठी बनलेलं नाही.

ग्राफिक्स कार्ड ६ ते ८ जीबीचं पुरे. पण नुसत्या नावावर जाऊ नका: आरटीएक्स ४०६० ची लॅपटॉप चिप कंपन्या ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कशीही बसवतात, आणि नाव तेच राहतं. वॉट किती ते स्पेसिफिकेशनमध्ये शोधा. गेमिंग कार्ड सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित यादीत नसतं, त्यामुळे रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं चकचकीत दाखवण्याची सोय) सहसा चालू होत नाही. त्याने फक्त दिसण्यात फरक पडतो, मॉडेलमध्ये नाही. मात्र ऑफिसला सॉफ्टवेअर कंपनीचा तांत्रिक सपोर्ट लागत असेल तर प्रमाणित वर्कस्टेशनच घ्या.

आता सेटिंग. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात आणि बॅटरी वाचवायला विंडोज कधी कधी कॅड प्रोग्रॅम प्रोसेसरमधल्या कमकुवत ग्राफिक्सवर चालवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन दोन्ही प्रोग्रॅमच्या ईएक्सई फाइली जोडा आणि प्रत्येकाला हाय परफॉर्मन्स द्या. मग टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू (ग्राफिक्स चिप) इंजिन हा कॉलम चालू करून असेंब्ली फिरवा. परफॉर्मन्स टॅबमध्ये ज्या क्रमांकापुढे तुमच्या कार्डाचं नाव आहे, तोच क्रमांक इथे दिसला पाहिजे. ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग कमांड देऊन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे ना ते बघा. सॉलिडवर्क्सच्या सिस्टिम ऑप्शन्समध्ये परफॉर्मन्सखाली ‘यूज सॉफ्टवेअर ओपनजीएल’ असा चौकोन आहे. त्यात टिक असेल तर चित्राचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि कार्ड नुसतं बसून राहतं. टिक काढायला गेलात आणि चौकोन करडा दिसला, तर आधी सगळ्या फाइली बंद करा. फाइल उघडी असताना तो बदलता येत नाही.

एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर गेमिंगचा न टाकता स्टुडिओ आवृत्तीचा टाका. सुरळीत चालला की उगाच नवा टाकू नका. विंडोज अपडेटनंतर कडा गायब होऊ लागल्या किंवा व्ह्यूपोर्ट (मॉडेल दिसतं ती खिडकी) काळा पडला, तर डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक करून जुना ड्रायव्हर परत आणा.

काम चार्जर लावूनच करा, आणि तोही सोबत आलेलाच. ६५ वॉटच्या यूएसबी-सी चार्जरवर प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही दबून चालतात. प्लग लावूनही टक्के उतरत असतील तर चार्जर कमी पडतोय हे नक्की. बहुतेक मॉडेल हवा खालून खेचतात, म्हणून मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवा.

प्रोजेक्टचं फोल्डर वनड्राइव्हसारख्या क्लाउड-सिंकमध्ये ठेवू नका. तिथे काही फाइली नावालाच असतात, उघडताना डाउनलोड होतात. असेंब्ली अडते, कधी पार्टची लिंक तुटते. काम एसएसडीवर करा आणि दिवसाअखेर सॉलिडवर्क्सच्या पॅक अँड गोने (असेंब्लीच्या सगळ्या फाइली एकत्र करणारी कमांड) झिप करून ती क्लाउडवर चढवा.

तीन बटणांचा माउस घ्याच; मधलं बटण दाबून मॉडेल फिरवणं टचपॅडवर जमत नाही. परत करायची मुदत संपायच्या आत तुमची सगळ्यांत जड असेंब्ली वीस मिनिटं सतत रिबिल्ड करून, फिरवून बघा. पहिल्या मिनिटाला दिसलेला प्रोसेसरचा वेग शेवटी खूप खाली आला असेल, तर त्या मॉडेलचं कूलिंग या कामाला पुरत नाही. ते बदलून घ्या.