इमारतीच्या कर्जाला हात वर करण्याआधी

सप्रेम सलाम,

तुझ्या चर्चच्या मंडळीच्या वित्त समितीवर तुझी निवड झाली आणि पहिल्याच बैठकीत नव्या इमारतीच्या कर्जाचा ठराव येतोय, हे कळलं. ठरावाच्या बाजूने हात वर करण्याआधी कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्हच्या क्रिस्टल कॅथेड्रलचे हिशेब नीट समजून घे. ते चर्च बुडालं तेव्हा बरेच जण म्हणाले की विश्वास कमी पडला. खरी चूक वेगळीच होती. येणारा पैसा लोकांच्या मर्जीवर अवलंबून होता आणि जाणारा पैसा करारांनी बांधलेला होता. या दोन्हींतलं अंतर मोजून बघायचं काम वर्षानुवर्षं कुणी केलं नाही.

सुरुवात अगदी काटकसरीची होती. रिफॉर्म्ड चर्चचे तरुण पाळक रॉबर्ट शुलर १९५५ मध्ये पत्नी अर्वेलासह तिथे आले, तेव्हा त्यांच्या हाताशी ५०० डॉलर होते. त्यांनी ऑरेंज ड्राइव्ह-इन थिएटरचं (मोटारीत बसून सिनेमा बघायच्या मैदानाचं) आवार भाड्याने घेतलं, कारण रविवारी सकाळी ते रिकामंच असायचं. २७ मार्चला पहिली उपासना झाली. खाण्याच्या स्टॉलच्या छपरावर उभं राहून पाळक उपदेश करत आणि लोक आपापल्या मोटारीत बसून स्पीकरवर तो ऐकत. ना इमारतीची देखभाल, ना कर्जाचा हप्ता. १९६१ मध्ये वास्तुविशारद रिचर्ड न्यूट्रा यांनी आखलेलं चर्च उभं राहिलं. त्यातही मोटारीत बसून उपासनेत सामील होण्याची सोय कायम ठेवली होती.

१९७० मध्ये 'अवर ऑफ पॉवर' हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला आणि पैशाचं गणितच बदललं. इथे जरा थांब, कारण ही गोष्ट तुझ्या मंडळीलाही लागू होऊ शकते. उपासनेला येणाऱ्या कुटुंबाचा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, हा नात्यातून आलेला पैसा. त्या घरात लग्न झालं, कुणी आजारी पडलं, तरी पाळक तिथे पोचतो. टीव्हीवरचा दाता मात्र दोन हजार मैलांवर असतो. त्याचं नातं पडद्यावरच्या एका चेहऱ्याशी आणि एका आवाजाशी जुळलेलं असतं. शिवाय वाहिन्यांवरची वेळ विकत घ्यावी लागते. म्हणजे आलेल्या देणग्यांतला मोठा वाटा पुढच्या देणग्या मागण्यातच खर्च होतो. प्रेक्षक वाढत असतात तोवर हे चक्र सुरळीत फिरतं. पुढे तेच प्रेक्षक म्हातारे होतात, दर महिन्याला चेक पाठवणारे हात एकेक करून कमी होतात आणि त्यांची मुलं तो कार्यक्रम बघतही नाहीत. वाहिनीचं बिल मात्र तेवढंच येतं.

मग काचेची इमारत आली. वास्तुविशारद फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्जी यांचं हे काम १९८० मध्ये पूर्ण झालं आणि खर्च सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरवर गेला. पोलादी सांगाड्यावर सिलिकॉनने चिकटवलेली १०,००० हून अधिक तावदानं होती. पैसा उभा करण्याची पद्धत मात्र दाद देण्यासारखी होती. एकेक तावदान ५०० डॉलरना दात्यांच्या नावे करून दिलं. ऑपेरा गायिका बेव्हर्ली सिल्स यांच्या गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटं १,५०० डॉलरना विकली. पण हा सगळा पैसा एकदाच येणारा होता. आपल्या नावाची काच असावी म्हणून लोक आनंदाने पैसे देतात. ती काच पुढची ३० वर्षं पुसायला, सांधे पुन्हा भरायला, गळती थांबवायला कुणी आपलं नाव देत नाही. बांधकाम निधी उघडतो त्याच दिवशी देखभाल निधी उघडला नाही, तर तो सहसा पुढेही उघडला जात नाही.

त्यानंतरही बांधकाम थांबलं नाही. १९९० मध्ये उंच मनोरा उभा राहिला आणि २००३ मध्ये रिचर्ड मायर यांनी आखलेलं स्वागत केंद्र. नाताळ आणि ईस्टरला जिवंत प्राणी आणि तारांवरून उडणारे देवदूत असलेले भव्य देखावे होत. देखणे होते ते, पण तिकिटांची विक्री कमी झाली म्हणून अशा देखाव्याचा खर्च कमी होत नाही.

नेतृत्व बदललं तेव्हा सगळ्या भेगा उघड्या पडल्या. २००६ मध्ये संस्थापक शुलर यांचा मुलगा रॉबर्ट ए. शुलर मुख्य पाळक झाला. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला टीव्ही कार्यक्रमातून बाजूला केलं गेलं आणि नोव्हेंबरअखेर त्याने राजीनामा दिला. पुढे त्याची बहीण शीला शुलर कोलमन यांच्याकडे सूत्रं आली. हे सगळं मंदीच्या ऐन भरात घडलं. २००९ मध्ये उत्पन्न सुमारे २७ टक्क्यांनी घसरलं.

हा आकडा तुझ्या मंडळीच्या ताळेबंदात घालून बघ. समजा, सर्वसाधारण देणगी वर्षाला २० लाख डॉलर आहे, पगार आणि चालू खर्च १५ लाख, कर्जाचे हप्ते ४ लाख. कागदावर १ लाख शिल्लक दिसते आणि सगळे खूश असतात. २७ टक्के घट झाली की हातात १४ लाख ६० हजार उरतात. म्हणजे पगार आणि वीजबिलंही पूर्ण निघत नाहीत, हप्ता तर दूरच.

तिथे नेमकं तेच झालं. जानेवारी २०१० मध्ये सान हुआन कापिस्त्रानोमधली जमीन विकायचं ठरलं, सुमारे ५० जणांना कामावरून कमी केलं आणि ईस्टरचा देखावा रद्द केला. पण देखाव्यांसाठी माल आणि सेवा दिलेल्या पुरवठादारांची बिलं थकलेलीच होती. काही महिने सबुरीने घेण्याची बोलणी झाली. मग काही जण कोर्टात गेले, जप्तीचे आदेश निघाले आणि १८ ऑक्टोबर २०१० ला चर्चने अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातल्या चॅप्टर ११ खाली अर्ज केला. एकूण देणी ४ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास होती, त्यात ३ कोटी ६० लाखांचं गहाणकर्ज. धनकोंची संख्या ५५० हून अधिक होती. यातलं मला सर्वांत जास्त सलतं ते या छोट्या पुरवठादारांचं. त्यांनी चर्चच्या शब्दावर उधारी ठेवली होती.

चॅप्टर ११ कसं चालतं तेही थोडक्यात सांगतो. अर्ज दाखल झाला की वसुली आणि जप्ती आपोआप थांबते. तारण असलेली बँक रांगेत पुढे असते, बिनतारणी धनको मागे. अमेरिकेत धनकोंना चर्चवर जबरदस्तीने दिवाळखोरी लादता येत नाही, अर्ज चर्चलाच करावा लागतो. आणि अर्ज केला की हिशेब जगासमोर येतात. एरवी चर्चला इतर धर्मादाय संस्थांसारखा फॉर्म ९९०, म्हणजे करखात्याकडे द्यायचं वार्षिक विवरण, भरायचं बंधन नसतं, त्यामुळे अनेक सभासदांना पगारांचे आकडे पहिल्यांदा कळतात ते कोर्टाच्या कागदांतून. आतल्या गोटातल्या माणसांना आधीच्या वर्षभरात काय दिलं, तेही लिहून द्यावं लागतं. इथे कुटुंबीय आणि निकटच्या मिळून २३ जणांना १८ लाख डॉलरहून अधिक दिल्याची नोंद निघाली. यात बेकायदेशीर काही असेलच असं नाही, पाळकांना करमुक्त घरभत्ता कायद्यानेच मिळतो. पण बिलं थकलेल्या पुरवठादाराने ती यादी वाचली तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याचा विचार कर.

अखेर नोव्हेंबर २०११ मध्ये न्यायालयाने ही मालमत्ता ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताला ५ कोटी ७५ लाख डॉलरना विकायला मंजुरी दिली. चॅपमन विद्यापीठाचीही बोली होती. तिथे उपासना चालू राहावी म्हणून चर्चने धर्मप्रांताला पसंती दिली, आणि मला तो निर्णय मनापासून योग्य वाटतो. मूळ मंडळी २०१३ मध्ये जवळच्या एका लहान चर्चमध्ये गेली. काचेची इमारत दुरुस्त होऊन २०१९ मध्ये क्राइस्ट कॅथेड्रल म्हणून पुन्हा समर्पित झाली आणि त्या कामाला सुमारे ७ कोटी ७० लाख डॉलर लागले. म्हणजे सगळं आवार विकत घ्यायला लागले त्याहून जास्त.

आता तुझ्या बैठकीबद्दल. पहिली मागणी कर, निधीनिहाय ताळेबंद. बँकेत ९ लाख आहेत असं सांगतील, पण त्यातले मिशन, शिष्यवृत्ती आणि बांधकामासाठी दिलेले वेगळे काढल्यावर मोकळे किती उरतात ते विचार. विशिष्ट हेतूसाठी आलेला पैसा पगारासाठी 'तात्पुरता' वळवला जातोय असं दिसलं, तर तो मुद्दा इतिवृत्तात नोंदवूनच घे. मोकळी रक्कम किमान चार महिन्यांच्या खर्चाएवढी नसेल तर कर्जाची चर्चाच नको, हा माझा आडाखा आहे.

मग देय बिलांची वयवार यादी माग. ३०, ६० आणि ९० दिवसांवर किती थकलंय? संकटाची पहिली खूण इथेच दिसते, देणगीच्या आकड्यांत ती नंतर उमटते.

कर्जाच्या कागदात मुदत आणि परतफेडीचा काळ यांतला फरक बघ. बँक म्हणेल, हप्ते २५ वर्षांच्या हिशेबाने, मुदत ५ वर्षं. ३० लाख डॉलरवर ६ टक्क्यांनी महिना १९,३२९ डॉलर हप्ता येतो. पाच वर्षांत सुमारे ११ लाख ६० हजार भरूनही जवळपास २७ लाख शिल्लक राहतात आणि ते एकरकमी देय होतात. त्या दिवशी व्याजदर चढलेले असतील, जमिनीचे भाव पडले असतील किंवा तुमचे पाळक निवृत्त झाले असतील, तर नवं कर्ज कोण देणार?

दात्यांची नावं मागू नकोस, ती गुप्तच राहिली पाहिजेत. पण सर्वांत मोठे दहा दाते मिळून किती टक्के देतात आणि ६५ वर्षांवरच्या दात्यांचा वाटा किती, एवढं खजिनदार सांगू शकतो. इमारतीसाठी दिलेल्या लेखी वचनांपैकी निम्मी रक्कम प्रत्यक्ष जमा होईपर्यंत कंत्राटावर सही नको. पाळकांचे नातलग पगारावर असतील तर त्यांचा पगार ठरवताना घरचं कुणी मतदान करणार नाही, अशी नोंद आधीच करून घे. हे अविश्वासातून सुचवत नाहीये. उद्या कुणी बोट दाखवलं तर ही नोंद त्यांनाच वाचवेल.

'देवाच्या कामाला तू आडवा येऊ नकोस' असं कुणीतरी म्हणेलच. शांतपणे वरचं २७ टक्क्यांचं गणित फळ्यावर मांड आणि हप्ता कुठून भरायचा ते त्यांनाच दाखवायला सांग.

बैठकीआधी गेल्या ३६ महिन्यांची महिनावार देणगी आणि कर्जाचा मसुदा मिळाला, तर दात्यांचे तपशील वगळून आणि समितीला विचारून मला पाठव. मुदत आणि जप्तीची कलमं आपण एकत्र वाचू.